वेटसूट बदलला, आता शिसं किती? ड्रमभर पाणी आणि काट्यावरचा हिशोब

नवा पाच मिलिमीटरचा वेटसूट (डायव्हिंगचा जाड रबरी पोशाख) घालून मी पहिल्यांदा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी उतरलो, तेव्हा बुडायला मदत म्हणून कमरेला नेहमीचंच सहा किलो शिसं होतं. जुन्या तीन मिलिमीटरच्या सुटाला ते अगदी बरोबर बसायचं. उतरताना थोडे पाय मारावे लागले, पण खाली गेलो, आणि खाली गेल्यावर सगळं सुरळीत झालं. त्यामुळे मनात शंकाही आली नाही. परतताना पाच मीटरवर तीन मिनिटं सुरक्षेसाठीचा थांबा घ्यायचा होता. सिलिंडरच्या गेजवर 50 बार (हवेचा दाब) उरले होते. बीसीडीतली, म्हणजे हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायच्या जाकिटातली, हवा पूर्ण सोडलेली, तरी अंग वर ओढलं जायला लागलं. श्वास सोडला की क्षणभर थांबायचो, घेतला की परत वर. शेवटी नांगराच्या दोराला दोन्ही हातांनी धरलं. सोबतच्या मार्गदर्शकाने ते पाहिलं आणि स्वतःच्या खिशातली शिशाची एक-एक किलोची दोन वेट्स माझ्या खिशात सरकवली. दोर सुटला, अंग शांत झालं, तीन मिनिटं पूर्ण झाली.

दोर हाताशी नसता तर मी थांबा न घेता वर गेलो असतो. हा लेख त्या दोन किलोंसाठी लिहितोय.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या डायव्हरांसाठी तर तो जास्तच गरजेचा आहे. समुद्र आपल्याला रोज मिळत नाही. वर्षातून एकदा-दोनदा मालवण, मुरुडेश्वर किंवा अंदमान, तेही रेल्वेचं आरक्षण, रजा आणि पैसे जुळले तर. समुद्राकाठचा माणूस सूट बदलल्यावर चार डाइव्हमध्ये अंदाज बांधून मोकळा होतो. आपल्या चार डाइव्ह म्हणजे अख्खं वर्ष. त्यातल्या दोन वजन जुळवण्यात घालवणं परवडत नाही. मात्र यातलं बरंचसं काम घरी, शेतात, एका ड्रमभर पाण्यात होतं. लागतात फक्त काटा, वही आणि एक निवांत सकाळ.

एक अट आधीच सांगतो. हे सगळं प्रशिक्षण घेतलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या डायव्हरसाठी आहे. घरचा हिशोब पाण्यात तपासायचा तो प्रशिक्षकासोबत किंवा अनुभवी जोडीदारासोबत. विहिरीत, धरणात किंवा तापीच्या डोहात एकट्याने साहित्य घालून उतरायचं नाही.

आधी समजून घ्यायचं ते इतकंच

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला ज्यांना आठवतो, त्यांना उत्प्लावन वेगळं शिकवायला नको. डबा जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बळ त्याला वर ढकलतं. या लेखात मी त्याला उचल म्हणणार आहे. वेटसूट हाही तसाच डबा आहे, फक्त अंगभर पसरलेला. निओप्रीन म्हणजे रबराचा फेस, त्यात लाखो बारीक बुडबुडे असतात. त्या बुडबुड्यांमुळे ऊब मिळते आणि त्यांच्यामुळेच सूट तरंगतो. शिसं लावायचं ते मुख्यतः या उचलीला उत्तर म्हणून.

आता कापसाकडे बघा. वेचलेला मोकळा कापूस बैलगाडीत मावत नाही. तोच जिनिंगमध्ये जातो, सरकी निघते, रुई दाबली जाते आणि 170 किलोची गाठ एका कोपऱ्यात उभी राहते. रुईचं वजन तेवढंच राहतं, जागा मात्र घटते. खोल पाण्यात निओप्रीनचं हेच होतं. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तिथे सुटातले बुडबुडे साधारण निम्मे होतात. 30 मीटरवर दाब चौपट होतो आणि उचल पाव भागाच्या आसपास उरते. सूट जितका जाड तितका हा फरक मोठा. म्हणून तीन मिलिमीटरच्या सुटात जे जाणवत नाही ते पाचमध्ये जाणवतं आणि सातमध्ये चांगलंच जाणवतं.

दुसरी गोष्ट सिलिंडरमधल्या हवेची. हवेला वजन असतं हे शाळेत वाचलेलं असतं, पण डायव्हरला ते अंगावर जाणवतं. आपल्याकडे सर्रास मिळणारा 11.1 लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर 200 बारला भरला की आत साधारण पावणेतीन किलो हवा असते. डाइव्ह संपताना 50 बार उरतात, म्हणजे मधल्या वेळात दोन किलो हवा तुम्ही श्वासातून पाण्यात सोडलेली असते. सुरुवातीला पाण्यात किंचित बुडणारा हा सिलिंडर शेवटी तरंगायला लागतो.

नेत्राणीला माझं जे झालं त्याचं उत्तर इथेच आहे. उतरताना सिलिंडरमधल्या त्या दोन किलो हवेने माझी कमतरता झाकली होती. हवा संपत गेली तशी ती उघडी पडली. सुरुवातीला बुडालो म्हणजे वजन बरोबर, हा समज मनातून काढून टाका. वजन ठरवायचं ते डाइव्हच्या शेवटासाठी: सिलिंडरमध्ये 50 बार, बीसीडी रिकामी, पाच मीटरवर न हलता स्थिर. सुरुवातीला जे दोन किलो जड वाटेल त्यासाठी बीसीडीत थोडी हवा भरायची, ती त्यासाठीच असते.

पायरी पहिली: आजची बरोबर स्थिती लिहून काढा

बदल मोजायचा तर कशापासून बदल, हे माहीत हवं. वहीच्या एका पानावर शेवटच्या ज्या डाइव्हला वजन अगदी बरोबर बसलं तिचा तपशील लिहा: कोणता सूट, किती जुना, कोणती बीसीडी, सिलिंडर ॲल्युमिनियमचा की पोलादी आणि किती लिटरचा, पाणी गोडं की खारं, शिसं किती आणि कुठे, स्वतःचं वजन. ही तुमची पायाभूत नोंद.

अशी नोंद नसेल तर वेबसाइटवरच्या तक्त्यातून आकडा उचलू नका. शरीराच्या वजनाच्या इतके टक्के, हा ठोकताळा सुरुवातीला प्रशिक्षकाला उपयोगी पडतो, पण एकाच वजनाच्या दोन माणसांत दोन-तीन किलोंचा फरक सहज पडतो. पुढच्या सहलीत जुन्याच साहित्यावर एक डाइव्ह करून पाया पक्का करा, मगच नवं साहित्य काढा.

पायरी दुसरी: सूट पाण्यात तोला

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बाकी कशाहीपेक्षा फरक इथे पडतो.

साहित्य असं: 200 लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम किंवा गुरांचा हौद, हुकाचा डिजिटल काटा, कांद्याची जाळीदार गोणी, पाच-पाच किलोची दोन लोखंडी मापं आणि ड्रमावर आडवा टाकायला एक मजबूत बांबू. शिसं घरी नसलं तरी चालतं. जे काही बुडतं ते चालतं, कारण शेवटी वजाबाकीच करायची आहे. प्रवासी बॅगा तोलायचा काटा पुरतो, पण त्याला आधी किराणा दुकानातल्या मापावर तपासून घ्या. 10 किलोला तो 9.7 दाखवत असेल तर तेही वहीत लिहा.

शेततळ्यावर हे करू नका. शेततळ्याच्या प्लॅस्टिक अस्तरावर पाय ठरत नाही, एकदा घसरलेल्या चांगल्या पोहणाऱ्यालाही काठ हाती लागत नाही. दरवर्षी माणसं त्यात जातात. ड्रमच बरा.

आधी नुसती मापं गोणीत घालून, काट्याला टांगून, पूर्ण पाण्यात बुडवा. गोणी तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. माझ्या काट्याने 8.6 किलो दाखवलं. बाहेर 10 किलो भरणारं लोखंड पाण्यात एवढंच भरतं, पाणी त्यालाही थोडं उचलतंच.

आता सूट. कोरडा सूट तसाच बुडवला तर आकडा साफ खोटा येतो. नवा सूट पाणी धरत नाही. त्याच्या कापडावर साबुदाण्याएवढे बुडबुडे चिकटून बसतात, आणि बाह्यांमध्ये, पायांमध्ये हवेचे फुगे अडकतात. म्हणून सूट आधी अर्धा तास पाण्यात भिजू द्या. मग उलटा करा, बाही मनगटाकडून खांद्याकडे हाताने निपटा, पायही तसेच, आणि पाण्याखालीच तळहाताने सगळीकडून चोळा. बुडबुडे वर येताना दिसतात. ते यायचे थांबले की सूट मापांसह गोणीत भरा, तोंड बांधा आणि परत टांगा. काट्यावरचा आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या.

माझ्या जुन्या तीन मिलिमीटरच्या सुटासह काटा 6.9 वर थांबला. म्हणजे सुटाची उचल 8.6 वजा 6.9, बरोबर 1.7 किलो. नव्या पाच मिलिमीटरच्या सुटासह काटा 4.4 वर. उचल 4.2 किलो. फरक अडीच किलोचा, आणि मी मात्र त्याच सहा किलोंवर समुद्रात उतरलो होतो.

हे चाललेलं असताना चुलता बांधावरून बघत होता. "इतलं कसाले रे भो?" त्याने विचारलं. मी त्याला काटा दाखवला आणि सूट आत-बाहेर करून दोन्ही आकडे वाचायला लावले. ज्याचं आयुष्य केळीचे घड आणि कापूस तोलण्यात गेलं त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. गोणी धरायला तोच थांबला.

आता या फरकाचं शिशात रूपांतर. शिशालाही पाणी थोडं उचलतं: एक किलो शिसं पाण्यात साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणून फरकाला 0.91 ने भागायचं. अडीच किलोंना उत्तर येतं पावणेतीन किलो.

पण थांबा, हा आकडा पृष्ठभागावरचा आहे. आपल्याला स्थिर राहायचंय पाच मीटरवर, तिथे दाब दीडपट असतो आणि सूट तेवढा दबलेला असतो. उचल साधारण दोन तृतीयांश उरते. म्हणजे फरक अडीचऐवजी 1.7 किलोच्या आसपास आणि शिसं पावणेदोन-दोन किलो. मार्गदर्शकाने खिशात सरकवलेली दोन वेट्स आठवतात? त्याने हिशोब केला नव्हता, माझ्याकडे बघून ओळखलं होतं. ड्रमातून तोच आकडा निघाला तेव्हा या पद्धतीवर माझा विश्वास बसला.

त्यामुळे ड्रमातला आकडा ही वरची मर्यादा समजा आणि त्याचा दोन तृतीयांश हा मुक्कामाचा अंदाज. पहिल्या डाइव्हला दोन्हींच्या मध्ये, वरच्याच्या जवळ सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या किलोने उतरत या. जास्त वजनावरून कमी करत येणं सुरक्षित, उलटं नाही.

हुड, आतला जाकीट, मोजे-बूट हेही निओप्रीनचेच, त्यांनाही याच गोणीतून काढा. त्यांची उचल छोटी वाटते, पण पाच मिलिमीटरचे बूट पायाशी उचलतात आणि त्याचा परिणाम वजनावर कमी, अंगाच्या ठेवणीवर जास्त होतो. त्याबद्दल पुढे. लायक्राचा, म्हणजे पातळ ताणणाऱ्या कापडाचा, सूट मात्र मोजायची गरज नाही, त्याला म्हणण्यासारखी उचल नसते. तीन मिलिमीटरवरून लायक्रावर येणाऱ्याने जुन्या सुटाची सगळी उचल वजा धरायची. अंदमानच्या कोमट पाण्यात अनेकजण हेच करतात आणि शिसं तेवढंच ठेवतात, मग दिवसभर बीसीडी फुगवत-रिकामी करत बसतात.

पायरी तिसरी: बीसीडी आणि बाकीचं

जाकीट पद्धतीच्या बीसीडीत पाठीला आणि खांद्यांना गादी असते. ती नवी असताना हवा धरून ठेवते आणि पाऊण-एक किलोने सहज तरंगते. तिला सुटासारखंच तोला, पण आधी तासभर भिजवा आणि डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप) उघडा ठेवून, आवळून आवळून आतली हवा काढा. थोडी हवा जरी राहिली तरी आकडा बिघडतो: लिटरभर हवा म्हणजे किलोभर उचल.

जाकिटाऐवजी पोलादी बॅकप्लेट (पाठीची पट्टी) आणि विंग (तिला जोडलेली हवेची पिशवी) असेल तर गोणी नको, ती तशीच बुडते. सरळ हुकाला टांगून पाण्यात सोडा आणि काट्यावर येईल ते शिशाच्या खात्यात जमा धरा. धुळ्याचा माझा जोडीदार गेल्या हंगामात जाकिटावरून प्लेटवर आला. त्याचं जाकीट ड्रमात 600 ग्रॅमने तरंगत होतं. प्लेट, पट्टे आणि विंग मिळून दोन किलोने बुडत होते. एकूण फरक 2.6 किलो, शिशात जवळपास पावणेतीन. सात किलोवरून तो थेट सव्वाचारवर आला आणि पहिल्याच डाइव्हला पाच मीटरवर ठरला. प्लेट बदलायच्या आधी त्याला दोन दुकानदारांनी दोन वेगळे आकडे सांगितले होते, दोन्ही गोल आणि दोन्ही चुकीचे.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र, ड्रमात घालू नका. त्याच्या सिलिंडरला जोडायच्या भागात पाणी शिरलं तर दुरुस्तीचा खर्च काट्याच्या अनेक पटींनी पडेल. शिवाय तो बुडणाराच असतो आणि बदलला तरी फरक थोडा. फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) मात्र तपासा. जाड रबरी फिन्स बुडतात, हलक्या प्लॅस्टिकच्या कित्येकदा तरंगतात. बादलीत टाकलं की कळतं. कॅमेऱ्याचं घर कॅमेऱ्यासह, झाकण नीट बंद करून, आधी रिकामं तपासून मगच बुडवा.

पायरी चौथी: सिलिंडर

सिलिंडर सहसा डाइव्ह सेंटरचाच असतो, तेव्हा घरी तोलता येत नाही. पण फोनवर एक प्रश्न विचारता येतो: ॲल्युमिनियमचा की पोलादी, आणि किती लिटरचा? हा प्रश्न निघण्याच्या आठवडाभर आधीच विचारा.

11.1 लिटरचा ॲल्युमिनियम 50 बारला साधारण किलोभराने तरंगत असतो. 12 लिटरचा पोलादी त्याच वेळी बहुधा अजून बुडत असतो. त्यामुळे ॲल्युमिनियमवरून पोलादीवर जाताना शिसं दोन ते तीन किलोंनी कमी होतं. नेमका आकडा सिलिंडरच्या बनावटीवर अवलंबून, म्हणून इथे दोन किलो कमी करून सुरुवात करा. पोलादीवरून ॲल्युमिनियमवर येणाऱ्याने विसरून चालत नाही. त्याला शिसं वाढवायचंय, आणि ते विसरलं की माझ्यासारखा दोर शोधावा लागतो.

पोलादी सिलिंडरमध्ये दाब जास्त असला तर हवाही जास्त असते, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांतला फरक दोनऐवजी अडीच किलोंपर्यंत जातो. बीसीडीत सुरुवातीला थोडी जास्त हवा लागली तर घाबरू नका.

पायरी पाचवी: गोडं पाणी, खारं पाणी

आपल्याकडे सराव होतो तो तरणतलावात, गोड्या पाण्यात. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं, म्हणून ते तेवढं जास्त उचलतं. हिशोब सरळ आहे: तुम्ही, तुमचे कपडे, सिलिंडर, शिसं, सगळं मिळून जेवढे किलो, त्याचे अडीच टक्के. माझं वजन 74, वर सिलिंडर, बीसीडी, सूट, शिसं धरून तीसेक किलो. एकूण 104. अडीच टक्के म्हणजे 2.6 किलो. तलावात साडेतीन किलोंवर ठरलो तर समुद्रात सहाच्या वर लागणार. 60 किलोच्या बाईसाठी हाच फरक दोन-सव्वादोन किलोंचा येईल. नुसत्या शरीराचं वजन धरण्याची चूक नेहमी होते, सगळं ओझं धरायचं.

पायरी सहावी: पाण्यात खरं-खोटं करणं

हिशोबाने आलेला आकडा घेऊन किनाऱ्यावर पोचलात की दोनदा तपासायचं, डाइव्हच्या आधी आणि नंतर.

आधीची तपासणी सगळ्यांना शिकवलेली असते. खोल पाण्यात, पूर्ण साहित्यासह, रेग्युलेटर तोंडात, पाय न हलवता उभं राहायचं. नेहमीचा श्वास घेऊन क्षणभर थांबायचं आणि बीसीडी पूर्ण रिकामी करायची. पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवं, आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. सिलिंडर भरलेला असेल तर यानंतर दोन किलो वाढवायचे, संपणाऱ्या हवेसाठी. पाय हलवू नका म्हणून सांगितलं तरी बहुतेकजण नकळत हलवतात आणि मग शिसं कमी पडलं म्हणतात. जोडीदाराला मास्कमधून तुमचे पाय बघायला सांगा.

श्वासाकडेही लक्ष द्या. पूर्ण भरलेल्या छातीने दोन-तीन किलोंची उचल वाढते. घाबरलेला माणूस वरवर, छाती भरलेली ठेवून श्वास घेतो आणि बुडतच नाही. अशा वेळी त्याच्या कमरेला अजून शिसं बांधणं हा उपाय नाही, दोन मिनिटं थांबून त्याला सावकाश श्वास सोडायला लावणं हा आहे. माझ्या पहिल्या समुद्र-डाइव्हला मला असंच 10 किलो बांधलं होतं. ते 10 किलो मी दोन वर्षं माझा आकडा म्हणून सांगत फिरत होतो.

खरी तपासणी शेवटची. पाच मीटरवर, 50 बार असताना, बीसीडीचा वरचा आणि मागचा दोन्ही व्हॉल्व्ह उघडून शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत हवा सोडा. हात जुळवा, पाय स्थिर. श्वास घेताना किंचित वर, सोडताना किंचित खाली, मधोमध जागेवर, असं झालं तर आकडा बरोबर. वर ओढला जात असाल तर दोराला धरा आणि पुढच्या वेळी अर्धा-एक किलो वाढवा. बुडत असाल तर जोडीदाराच्या हातात एक किलो देऊन बघा, तरीही बुडत असाल तर दुसरं द्या. हे आधी ठरवून, खुणा पक्क्या करून करायचं आणि काठाशी, उथळ पाण्यातच. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, हे वजनाच्या नादात विसरू नका.

किलोभर जास्त वजन चालेल का? चालेल. पण तीन-चार किलो जास्त असेल तर बीसीडीत कायम तीन-चार लिटर हवेचा फुगा ठेवावा लागतो, आणि प्रत्येक मीटर वर-खाली जाताना तो फुगतो-आक्रसतो. त्याच्या मागे धावण्यात श्वास लागतो, हवा लवकर संपते. पाय खाली जातात आणि फिन्स प्रवाळावर आपटतात. गोड्या पाण्यात, गाळाच्या तळावर तर एका फटकाऱ्यात समोरचं दिसेनासं होतं.

पायरी सातवी: शिसं कुठे लावायचं

नव्या सुटाने किती शिसं हे जसं बदलतं तसं कुठे हेही बदलतं, आणि हे फार कमी लोक सांगतात. जाड सुटाचे पाय जाड, ते वर उचलले जातात. रबरी फिन्स असतील तर ते संतुलन आपोआप साधतं. हलक्या फिन्स असतील तर डोकं खाली, पाय वर अशी ठेवण होते. उलट, सगळं शिसं कमरेला आणि सूट पातळ असेल तर पाय खाली लोंबतात.

तपासायचं असं: पाण्यात आडवे होऊन पूर्ण स्थिर राहा आणि अंग कुठे कलतं ते पाहा. पाय खाली जात असतील तर कमरेचं किलोभर काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावरच्या खिशात घाला. सिलिंडरच पट्ट्यात चार बोटं वर सरकवला तरी फरक पडतो, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. पाय वर जात असतील तर उलट.

एक नियम कधी मोडू नका: काही शिसं असं हवं जे एका हाताने, एका झटक्यात टाकता येईल. सगळं प्लेटवर आणि सिलिंडरच्या पट्ट्यावर अडकवलं तर अडचणीच्या वेळी टाकायला काही उरत नाही. सगळंच एका बेल्टवर असेल आणि बेल्टची बकल खाली निसटली तर खोलीवरून सरळ वर फेकले जाल. म्हणून वाटून ठेवा. जोडीदाराला डाइव्हच्या आधी तुमचं शिसं कुठे आहे आणि ते कसं सुटतं हे हात लावून दाखवा. सूट जाड झाला की बेल्ट खोलीवर सैल होतो, तोही दबतो ना. खाली पोचल्यावर एकदा आवळा.

शिशाबद्दल एक वाक्य. तापीवरच्या जाळ्यांना शिशाच्या गोळ्या असतात, त्या वितळवून घरी वेट ओतायचा मोह होतो. करू नका. शिशाचा धूर विषारी असतो आणि घरातल्या लहान मुलांना तो सगळ्यात जास्त बाधतो. तयार, प्लॅस्टिकचं आवरण असलेली वेट्स घ्या, आणि उघडं शिसं हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवा.

आकडा कायमचा नसतो

सूट म्हातारा होतो. प्रत्येक खोल डाइव्हला काही बुडबुडे दबतात ते परत फुलतच नाहीत. आणि आपल्याकडचं ऊन त्याला आणखी लवकर म्हातारा करतं. मे महिन्यातल्या जळगावात बंद गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेला सूट कडक होतो, त्याला घड्यांच्या कायमच्या रेषा पडतात आणि त्या रेषांवर निओप्रीन चपटं होऊन जातं. गोड्या पाण्यात धुवून, सावलीत, रुंद हँगरवर वाळवा आणि घरातल्या थंड खोलीत टांगून ठेवा. घडी नकोच.

स्वतःचं वजन वाढलं तर लोक लगेच दोन-तीन किलो शिसं वाढवतात. पाच किलो चरबीची उचल गोड्या पाण्यात अर्ध्या किलोच्या आसपास असते. तेवढीच धरा.

म्हणून मी दरवर्षी दिवाळीत, हंगामाच्या तोंडावर, ड्रम भरतो. पहिल्या वर्षी नव्या सुटाची उचल 4.2 होती आणि समुद्रात मी आठ किलोवर ठरलो होतो. या दिवाळीला, त्याच मापांसह, काटा 4.8 वर थांबला. उचल 3.8. पाच मीटरवर हा फरक शिशात जेमतेम तीनशे ग्रॅम. वहीत आठच्या पुढे साडेसात लिहून प्रश्नचिन्ह टाकलंय. मुरुडेश्वरला साडेसात कमरेला आणि अर्धा किलो खिशात वेगळं घेऊन उतरणार, आणि 50 बारवर ते अर्धं जोडीदाराच्या हातात देऊन बघणार.